एक घंटी म्हणजे बरी

भंडाऱ्याकडच्या कोंढ्यात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, पण गावातले म्हातारे मला शिंपीण म्हणून कमी आणि मोबाईलवाली म्हणून जास्त ओळखतात. कारण असं, की पुण्याला, हैदराबादला नोकरीला गेलेली लेकरं आईबापाला मोठमोठे टच फोन घेऊन देतात आणि मग तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतात. "बाबा, ते हिरवं दाबा. अहो, हिरवं." बाबा भलतंच दाबतात, लेकरू चिडतं, आणि बाबा तो फोन दुपट्ट्यात गुंडाळून माझ्या दुकानात येतात. "हर्षा, याले काय झालं पाह्य बरं." झालेलं काहीच नसतं. मी मशीन थांबवते आणि शिकवते.

मला राग लवकर येतो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण म्हाताऱ्यांवर मी कधी चिडत नाही. ज्यानं अंधारात नुसत्या हातानं बैलाचं जू बांधलं, त्याला काचेवर बोट फिरवता येत नाही म्हणून हसणाऱ्यांवर मात्र चिडते. एकदा शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, किस्से सांगणाऱ्या एका आजोबांना त्यांच्या नातवानं फोनवरून 'ढ' म्हटलं. मी त्या नातवाला असं झाडलं, की पुढे महिनाभर तो आजोबांना अहोजाहो करत होता.

रुखमामावशी मात्र माझ्या दुकानात फोन घेऊन कधी आली नाही. माझ्या घरापलीकडे तिचं घर. मुलगा हेमराज धानाची शेती करतो, सून रक्षा स्वभावानं गरीब. मावशीकडे बटणांचा जुना छोटा फोन होता आणि त्यावर तिला एकच काम येत होतं. दिवे लागायच्या वेळेला ती ओसरीवर बसायची, एक बटण दाबायची, कानाला लावायची, पलीकडे एक घंटी वाजली की लगेच कापायची. मग फोन मांडीवर ठेवून वाट पाहायची. थोड्या वेळानं तिचा फोन वाजायचा, तोही एकदाच. मावशी मान हलवायची आणि उठून देवाजवळ दिवा लावायची.

पलीकडे असायची तिची मोठी बहीण कुंताबाई. मोहाडीच्या पुढच्या एका खेड्यात दिलेली. दोघींनाही अक्षरओळख नाही, कुंताबाईला ऐकूही कमी यायचं. गावात पहिले फोन आले तेव्हा बोलायला पैसे पडायचे, घंटीला पडत नसत. म्हणून दोघींनी खूण ठरवून टाकली. एक घंटी म्हणजे मी बरी आहे. दोन घंट्या म्हणजे निघून ये. पुढे बोलणं फुकटात झालं, पण बहिणींची खूण काही बदलली नाही. दोन घंट्या कधी कोणी दिल्या नाहीत. आम्ही चिडवायचो, "मावशी, उचलला तं काय पाप लागते का?" ती म्हणायची, "उचलून काय सांगाचं आहे? बरी आहो हे समजलं, झालं ना."

मला मात्र ती घंटी कधी आवडली नाही. आधी या दोघी काही ना काही निमित्त काढून भंडाऱ्याला एस.टी. बदलत एकमेकींकडे जायच्या. संक्रांतीला, कोणाच्या बारशाला, उगाचच. घंटी आली आणि एस.टी. सुटली. रोज खुशाली कळते म्हटल्यावर जायची गरज कोणाला? शेवटी उरली ती फक्त मंडई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावची मंडई असते. ज्या गावची मंडई, त्या गावी लेकीबाळी, बहिणी, सोयरे सगळे येतात, घरोघरी चुलीवर मटण रटरटतं आणि रात्री मैदानात नाटक. आमच्या मंडईला कुंताबाई यायची, त्यांच्या मंडईला रुखमामावशी जायची. तेवढं एक दोघींनी कधी चुकवलं नव्हतं.

यंदा होळीच्या तोंडावर मावशी गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं, आत सळई टाकली. गाडीत घालतानाच तिनं हेमराजचा हात धरून सांगितलं, "बाईले सांगाचं नाही. ते पळत येईन, तिचं वय आहे का पळाचं? सांगान तं माही शपथ आहे तुमाले." मोठ्या बहिणीला ती 'बाई' म्हणायची. आमच्याकडे शपथ म्हणजे खेळ नाही. जिनं घातली तिच्याच जिवावर ती असते. कोणी मोडली तर त्या माणसाचं बरंवाईट होतं, असं लहानांपासून थोरांपर्यंत सगळे मानतात. मीही मानते, उगाच शहाणपणा कशाला सांगू. त्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला मावशीनं दवाखान्याच्या खाटेवरून एक घंटी दिली. बरी आहे म्हणून.

पुढे ती उन्हाळाभर खाटेवर होती, पावसाळाभर भिंतीला धरून होती. दिवाळीपर्यंत वॉकर घेऊन ओसरीपर्यंत यायला लागली. पण एस.टी.च्या पायऱ्या चढणं या जन्मी व्हायचं नव्हतं, हे तिलाही कळलं होतं. मंडई तोंडावर आली तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं.

"हर्षा, तुह्या फोनात म्हणते माणसाचं तोंड दिसते."

"दिसते ना मावशी."

"मंग मले बाईचं तोंड दाखव. आता मी काई तिच्या मंडईले जात नाही. तिले पायाचं सांगून टाकते. रागावन ते, खूप रागावन. रागावू दे. अन् म्हणते, तूच ये बापा आमच्या मंडईले. मले पाहून जाय."

असं काम मला फार आवडतं. मी म्हटलं, आज संध्याकाळीच लावते. तेवढ्यात आतून हेमराज आला. म्हणाला, तिकडे नेटवर्क नसते. मी म्हटलं, मोहाडीच्या बाजूला नेटवर्क नाही तर कुठे आहे? तर म्हणाला, खुशालचा फोन बिघडला आहे. खुशाल म्हणजे कुंताबाईचा मुलगा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, ते लोक धान कापण्यात आहेत, नंतर पाहू. मला राग आला. आईनं इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली आणि याच्या जिभेवर नुसत्या सबबी. मी मावशीच्या फोनमधून नंबर घेतला आणि दुकानात बसून स्वतःच लावला.

फोन कुंताबाईच्या सुनेनं उचलला. मोना तिचं नाव. मी कोण ते सांगितलं, व्हिडिओचं सांगितलं.

"ताई," ती मग म्हणाली, "सासू गेल्या ना. पावसाळ्यात धानाची रोवणी चालू होती तवाच गेल्या. हेमराजभाऊ आले होते मातीले. तुमाले नाही माहीत?"

माझ्या हातात कापलेलं अस्तर होतं, ते तसंच राहिलं. मी विचारलं, "अन् रोजची घंटी?"

"थे मीच देऊन राहिली," मोना म्हणाली.

मी तशीच उठून हेमराजच्या शेतावर गेले. धान कापून शेताच्या बांधीत पडलं होतं आणि तो एकटाच भारे बांधत होता. काय काय बोलायचं ते मी वाटेनं घोकून ठेवलं होतं. पण माझं तोंड पाहूनच त्याला कळलं.

"डॉक्टर म्हणाले होते, धक्का नाही बसला पाह्यजे," तो म्हणाला. "म्हटलं, जरा उठून बसू दे. मंग सांगू. मंग म्हटलं, पोळा जाऊ दे. मंग दिवाळी आली. मातीले गेलो तं घरी सांगितलं, खत आणाले जातो म्हणून. आता कोणत्या तोंडानं सांगू, तूच सांग."

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहते का रे, हेमराज?"

"नाही राहत," तो म्हणाला आणि धुऱ्यावर बसून दुपट्ट्यात तोंड घालून रडायला लागला. एवढा बाप्या माणूस रडताना पाहून मी घोकलेलं सगळं गिळलं. आपल्या मावशीला मातीत घालून हा घरी आला होता, खताचं पोतं ओसरीवर उतरवून जेवायला बसला होता आणि समोर आई मावशीच्या घंटीची वाट पाहत होती. त्याच्यावर मी आणखी काय चिडणार?

संध्याकाळी आम्ही दोघं मिळून घरी गेलो. मावशी तयार होऊन बसली होती. रक्षाकडून वेणी घालून घेतली होती, मंडईसाठी ठेवलेलं लुगडं नेसली होती. "लाव," ती मला म्हणाली, "आता दिसन ना तोंड?"

हेमराज उंबऱ्याजवळ बसला. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग मीच तिच्याजवळ खाटेवर बसले आणि तिचा हात हातात घेऊन सांगितलं. मला गोल गोल बोलता येत नाही. मी म्हटलं, "मावशी, कुंताबाई गेल्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हेमराजकडे. त्याची मान खाली होती.

"कवा?"

"रोवणीत," हेमराज म्हणाला.

"काल तं घंटी आली."

"थे मोना देते, आई."

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडेल. रक्षा पाणी घेऊन दारात उभी होती. पण मावशीनं हंबरडा फोडला नाही. तिनं हळूहळू वेणी सोडली, केस मोकळे केले आणि तशीच भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "म्हंजे पावसाळाभर मी कोणाले सांगत होती, बरी आहो म्हणून?"

बाहेर दिवे लागायला लागले होते. तिचा हात सवयीनं उशाखाली गेला. तिनं आपला छोटा फोन काढला आणि बटण दाबलं. घंटी गेली. रोज याच वेळी तिचा अंगठा लाल बटणावर टेकलेला असायचा. आज तिनं फोन मांडीवर ठेवला आणि हात काढून घेतला. मी स्पीकर लावून दिला. घंटी वाजतच राहिली. पलीकडे मोना फोन हातात घेऊन तो कापला जायची वाट पाहत असेल, आणि तो कापला जात नव्हता. शेवटी तिनं उचलला.

"मावशी?"

"हव. रुखमा बोलते." मग म्हणाली, "समजलं मले. कशी गेली?"

मोना रडायला लागली. रडत रडत तिनं सांगितलं, ताप होता, मग दम लागायला लागला, भंडाऱ्याला नेलं, तिथून डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मावशी एकेक विचारत गेली. आंघोळ कोणी घातली, कोणतं लुगडं नेसवलं, तोंडात पाणी कोणी घातलं. मोना सांगत गेली. माझ्याच्यानं ऐकवत नव्हतं, पण उठूनही जाववेना.

"माही आठवण काढली का तिनं?"

"राहू द्या ना आता, मावशी," मोना म्हणाली.

"खरं सांग पोरी. मले आता कोणी खोटं सांगू नका."

"रोज काढत," मोना म्हणाली. "फोन छातीवर ठेवून पडून राहत. म्हणत, रुखमीले सांगा, ते येईन. आमच्या यायनं हेमराजभाऊले फोन केला, तं समजलं का तुमचा पाय मोडला. अन् सांगाचं नाही, तुमची शपथ आहे म्हणून. आमी गप्प राहिलो, मावशी, त्यायले म्हटलं, दोन घंट्या दिल्या. मोडली असती तं तुमच्याच जिवाले झालं असतं."

"मंग?"

"तुमची घंटी बराबर याची. पहिले खूश होत. म्हणत, माही रुखमी बरी आहे. मंग म्हणाले लागल्या, बरी आहे तं येत काहून नाही? हिंडते फिरते, अन् मरणाऱ्या बहिणीले पाहाले येत नाही."

मी फोन बंद करायला हात पुढे केला. मावशीनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अजून सांग," ती म्हणाली.

"गेल्या त्या दिवशी संध्याकाळी तुमची घंटी आली. मी परत घंटी द्याले फोन हातात दिला तं त्यायनं दाबला नाही. म्हणाल्या, राहू दे. आज नको देऊ. तिले समजू दे." मोना आता हुंदके देत होती. "मावशी, मीच त्यायच्या हातातून घेतला अन् दाबला. म्हटलं, तुमी तिकडं वाट पाहून राहिल्या असान. तवापासून मीच देते. मले काय माहीत, मावशी, मी बरं केलं का वाईट."

हेमराज उठून अंगणात गेला. मला मोनाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या पोरीनं एका म्हातारीला धीर द्यायला बटण दाबलं होतं, आणि दुसरीचा शेवटचा निरोप त्या बटणाखाली दबून गेला होता. दोष कोणावर टाकायचा ते मला आजही कळत नाही. टाकता आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मावशीनं डोळे पुसले. "तुह्या मनात वाईट नव्हतं," ती म्हणाली. "मनात वाईट कोणाच्याच नव्हतं. पण तिले समजलंच नाही वं, मोना. माहा पाय मोडला, हे तिले शेवटपावतर समजलंच नाही."

"तुमची शपथ होती, मावशी."

"सुटली," मावशी म्हणाली. "आता सुटली ते शपथ."

मग ती माझ्याकडे वळली. "हर्षा, तिथं बाईचा फोटो लावला असन ना भिंतीवर? तुह्या फोनात लाव तं."

मी मोनाच्या टच फोनचा नंबर विचारून माझ्या फोनवरून तिला व्हिडिओ लावला. आधी मोनाचं रडून सुजलेलं तोंड दिसलं, मग त्यांची ओसरी, मग भिंत. भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो होता. कुठल्या तरी कार्डावरचा लहान फोटो मोठा करून घेतलेला. त्यात कुंताबाई कपाळाला आठ्या घालून समोर पाहत होती, जशी कार्डावर सगळीच माणसं पाहतात. मावशीनं फोन दोन्ही हातांनी धरून डोळ्यांजवळ नेला आणि पाहत राहिली. बहिणीचं तोंड तिला बघायचं होतं, ते असं दिसलं. आयुष्यातला तिचा हा पहिला व्हिडिओ कॉल होता.

"तिले मी दिसते का?" तिनं विचारलं.

फोन कसा चालतो ते मी गावभर समजावून सांगत असते. तिला मी एवढंच म्हटलं, "दिसता, मावशी."

"मंग माहं तोंड नको दाखवू. तोंड तं बरंच आहे." तिनं फोन माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी लुगडं सावरून मांडीपर्यंत वर घेतलं. पाय वाळून काटकी झाला होता, दुसऱ्यापेक्षा आखूड झाला होता, आणि खुब्यापासून खाली टाक्यांचा लांब वण गेला होता. "हे दाखव तिले."

मी कॅमेरा फिरवला आणि पायाजवळ नेला.

"पाह्य, बाई," मावशी त्या फोटोला म्हणाली. "होळीच्या आधीच मोडला. खाटेवरून उठता येत नव्हतं, अन् तुले रोज खोटी घंटी देत होती मी. तू बलावशीन अन् मी येणार नाही, असं झालं का कधी? मले समजलं असतं तं रांगत आली असती मी."

माझ्या फोनच्या काचेत तो फोटो हलायला लागला, हार हलला, कुंताबाईचं तोंड अर्धं बाहेर गेलं.

"हलवू नको, मोना," मावशी म्हणाली. "नीट धरून ठेव. तिले पाहू दे."